मोबाईलला भिंग लावून किडीचा क्लोजअप फोटो: आधी काय करायचं, नंतर काय

कापसाच्या पानावर काहीतरी बारीक हललं की आपल्याकडे जळगावात पहिलं काम काय, मोबाईल काढायचा, पानाला टेकेल इतका जवळ न्यायचा, फोटो मारायचा आणि ग्रुपवर टाकून द्यायचा, खाली प्रश्न, "भो, हाई काय शे?" आणि फोटोत बघावं तर हिरवा धूर. त्या धुरात समोरच्याला मावा दिसतो की फुलकिडे (दोन्ही रस शोषणाऱ्या बारीक किडी), हे त्याच्या मूडवर, आणि मग औषधपण तसंच, अंदाजपंचे. हल्ली बऱ्याच जणांनी भिंग लावून बघायला सुरुवात केलीय, ती चांगली गोष्ट आहे, पण तरी फोटो गढूळच येतात, कारण सगळे आधी किडा शोधतात, मग भिंग हातात धरतात, मग फोनच्या फोकसशी भांडतात आणि उजेडाचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचाय. महागडी क्लिप-लेन्स घ्यायची गरज नाही, घरात किंवा सोनाराकडे, घड्याळवाल्याकडे जे भिंग असतं त्यावर काम होतं, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे: भिंग लावल्यावर फोकस फोन ठरवत नाही, भिंग आणि किडा यांच्यातलं अंतर ठरवतं. ते अंतर आधी शोधायचं, मग ते हलू द्यायचं नाही, खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: भिंग कोणतं, आणि त्याची खरी ताकद किती

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. घरात आजोबांचं पेपर वाचायचं दांडीवालं मोठं भिंग असतं, तेच फोनपुढे धरतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. पडणारच नाही जास्त. त्या भिंगाचं फोकस अंतर साधारण १५ ते २५ सेंटीमीटर असतं, आणि तुमचा फोन भिंगाशिवायच ८-१० सेंटीमीटरवर फोकस करतो, मग त्या भिंगाने नवीन काय मिळणार, थोडंसं जवळ जाता येतं इतकंच. मोठं भिंग म्हणजे जास्त मोठं दिसतं हा समज सोडा, उलट आहे. भिंग जितकं लहान आणि जितकं फुगीर तितकी ताकद जास्त.

आपल्या कामाचं ते सोनाराचं भिंग, ज्याला लूप म्हणतात, दहापट वालं. जळगावच्या सराफ बाजारात प्रत्येक दुकानात ते काउंटरवर पडलेलं दिसेल, आणि बाहेर स्वस्तातलं घडीचं लूप सहज मिळतं. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते काळ्या टोपीचं भिंगही चालतं, बहुतेकदा ते थोडं कमी ताकदीचं असतं. दोन साधी भिंगं एकावर एक चिकटवून ठेवली तर ताकद जवळपास बेरीज होते, पण कडा आणखी बिघडतात. आणि एकदम बारीक कामासाठी जुन्या बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरच्या आतली ती वाटाण्यापेक्षा लहान लेन्स.

⚠️ डीव्हीडी प्लेयर उघडताना प्लग काढून ठेवा आणि काढल्यावर लगेच हात घालू नका, आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. लेन्स काढायच्या आधी मशीन चालू करून "लाईट लागतो का बघू" असलं काही करू नका, तो लेझर आहे, डोळा जाईल.

आता ताकद मोजायची. दुकानातल्या लूपवर "३०×", "४०×" छापलेलं असतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, स्वस्त मालात हे आकडे हवेतले असतात. "४०×२५" असं लिहिलं असेल तर त्यातला २५ हा बहुतेक काचेचा व्यास असतो मिलिमीटरमध्ये. घरी मोजा, सोपं आहे. दिवसा खोलीतले लाईट बंद करा, खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभे राहा, भिंग भिंतीजवळ धरून हळूहळू मागे घ्या. एका ठिकाणी भिंतीवर बाहेरचं झाड नाहीतर समोरचं घर उलटं, छोटं आणि एकदम टोकदार दिसेल. तिथे भिंग ते भिंत किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजा. हेच फोकस अंतर. २५० ला त्या आकड्याने भागा, भिंगाची खरी ताकद मिळाली. २५ मिलिमीटर आलं तर दहापट. ५० आलं तर पाचपट, मग वर ४० लिहिलेलं असू द्या.

हाच आकडा पुढे दोन कामांना लागतो. एक, फोटो काढताना किडा भिंगापासून साधारण तेवढ्याच अंतरावर पाहिजे. दोन, फोनच्या नेहमीच्या एक एक्स (झूम न केलेल्या) कॅमेऱ्यात फ्रेमची रुंदी साधारण त्या अंतराच्या सव्वा ते दीड पट येते. म्हणजे दहापट लूपमध्ये तीन-साडेतीन सेंटीमीटर जागा दिसणार. तुडतुडा तीनेक मिलिमीटरचा, मावा एक-दोन मिलिमीटरचा, अळी तर मोठीच, एवढ्याला हे पुरतं, थोडा झूम केला की झालं. फुलकिडा मात्र जेमतेम एक मिलिमीटर आणि लाल कोळी त्याच्याही निम्मा, तिथे डीव्हीडीची लेन्स, तिच्यात चार-पाच मिलिमीटरच जागा मावते पण किडा फ्रेमभर येतो. सुरुवात मात्र लूपनेच करा. डीव्हीडी लेन्स पानापासून दोन-तीन मिलिमीटरवर न्यावी लागते, श्वास घेतला तरी फोकस जातो, पहिल्याच दिवशी ती घेतलीत तर वैतागून सगळंच सोडून द्याल.

पायरी २: सामान आधी एका जागी

लूप, जुनं मोबाईल कव्हर (जे गेलं तरी चालेल असं), डबल टेप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पांढरी अर्धपारदर्शक प्लास्टिकची गोळ्यांची डबी, कटर, बटर पेपर, दोन-तीन पांढरे जाड कागद, शाळेची पट्टी किंवा ग्राफ पेपर, बारीक रंगाचा ब्रश, आणि जुन्या लग्नपत्रिका. लग्नपत्रिका कशाला ते पुढे सांगतो, आपल्याकडे त्यांचा तुटवडा नसतो.

फोनची लेन्स आणि भिंग दोन्ही पुसा. आधी फुंकणीने किंवा कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, मगच मऊ कापड. काळ्या मातीची धूळ बोटावर असताना शर्टाच्या टोकाने काच घासली तर प्लास्टिकच्या भिंगावर कायमचे ओरखडे पडतात आणि मग उजेडात सगळा फोटो दुधाळ.

पायरी ३: भिंग फोनवर बसवणं

फोनच्या मागे आता तीन-चार डोळे असतात, त्यातला मेन कॅमेरा कोणता ते आधी ओळखा. कॅमेरा उघडा, एक एक्सवर ठेवा, आणि एकेक डोळा बोटाने झाका. ज्याने स्क्रीन काळी होते तो मेन. भिंग त्याच्यावरच बसवायचं. काही स्वस्त फोनमध्ये "मॅक्रो" नावाचा वेगळा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा दिलेला असतो, त्याच्या नादी लागू नका, डबा भरायला दिलेला असतो तो.

भिंग फोनला चिकटवायचं नाही, कव्हरला चिकटवायचं. म्हणजे शेतात गेलं की कव्हर बदललं, काम झालं. कव्हरवर मेन कॅमेऱ्याच्या भोवती ट्यूबची गोल चकती डबल टेपने लावा, त्यावर लूप. दोन गोष्टींकडे लक्ष: भिंगाचा मध्य आणि कॅमेऱ्याचा मध्य एका रेषेत पाहिजे, आणि दोघांच्या मधली फट कमीत कमी पाहिजे, जवळजवळ टेकलेली पण घासणार नाही इतकी. फट चार-पाच मिलिमीटर झाली की स्क्रीनवर सगळं काळं आणि मधे फक्त गोल भोक दिसायला लागतं. जाड कव्हर असेल तर त्या भागातलं रबर कापून टाका.

भिंगाची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असेल तर फुगीर बाजू फोनकडे, सपाट बाजू किड्याकडे. डीव्हीडी लेन्सचंही तसंच, जास्त फुगीर बाजू फोनकडे, आणि तिला धरायला केसांची काळी पिन बेस्ट, पिनेच्या फटीत लेन्स अडकवायची आणि पिन कव्हरला टेपने लावायची. उलटी बसलीय अशी शंका आली तर दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्राचा फोटो काढून बघा, ज्यात कडेची अक्षरं कमी फाटतात ती बाजू बरोबर.

⚠️ फेविक्विक वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते, आणि ती फोनच्या कॅमेऱ्यावर बसली तर कव्हरपुरतं नुकसान राहत नाही.

✔ तपासा: पांढऱ्या भिंतीकडे फोन धरा. चारी कोपरे सारखेच काळे दिसतायत का? एकाच बाजूला काळं जास्त असेल तर भिंग सरकलंय. चारी बाजूंनी सारखं काळं असेल तर ते ठीक आहे, दीड-दोन एक्स झूम केला की निघून जातं.

पायरी ४: कॅमेरा सेटिंग, आणि ती सुद्धा किड्याकडे जायच्या आधी

फोनला वाटतं तो हुशार आहे. जवळची वस्तू दिसली की तो आपोआप दुसऱ्या, म्हणजे वाईड कॅमेऱ्यावर उडी मारतो, आणि तुम्ही इकडे भिंग लावून बसलेले मेन कॅमेऱ्यावर. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो किंवा लेन्स बदलण्याचा जो काही पर्याय असेल तो बंद करा. प्रो मोड (ज्यात सगळी सेटिंग हाताने ठरवता येतात) असेल तर सरळ त्यात जा.

प्रो मोडमध्ये फोकस मॅन्युअल करा आणि पट्टी डोंगराच्या चिन्हाकडे पूर्ण सरकवा, म्हणजे फोन लांबचं बघतोय. आता किड्याचं अंतर बरोबर भिंगाच्या फोकस अंतराइतकं झालं, पायरी १ मध्ये मोजलेलं. फुलाच्या चिन्हाकडे सरकवलं तर थोडं आणखी जवळ जाता येतं आणि थोडं मोठं दिसतं, पण एकदा काय ते ठरवा आणि मग हात लावू नका. प्रो मोड नसेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप बघा, बऱ्याच फोनवर त्यात मॅन्युअल फोकस मिळतो. तेही नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, निदान फोन सारखा आत-बाहेर शोधत बसणार नाही.

शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) सेकंदाच्या १/२५० च्या आसपास किंवा त्याहून जलद, आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ करायचा आकडा) शक्यतो ४०० च्या खाली. उजेड पुरत नसेल तर उजेड वाढवा, आयएसओ नको. एक्सपोजर (फोटोचा एकूण उजळपणा) थोडं खाली, वजा ०.३ ते ०.७, कारण मावा आणि पांढरी माशी चकाकतात आणि पांढरा भाग एकदा जळाला की त्यातली माहिती परत येत नाही. फ्लॅश बंद. लूप लावल्यावर फ्लॅश लूपच्याच बाजूवर पडतो, किड्यापर्यंत पोचतच नाही. ब्युटी, एआय सीन, फिल्टर सगळं बंद. ५० किंवा १०८ मेगापिक्सेल मोडचाही मोह नको, साध्या भिंगातून तेवढं बारीक येतच नाही, फाईल तेवढी फुगते.

पायरी ५: डबी कापणं (ही पायरी वगळू नका)

माझ्या मते आख्ख्या जुगाडातली सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि लोक नेमकी हीच टाळतात. दहापट लूपमध्ये फोकस मिळतो तो जेमतेम अर्ध्या-एक मिलिमीटर जाडीत. तुमचा हात त्यापेक्षा जास्त हलतो, पान वाऱ्यावर त्याहून जास्त. म्हणून अंतर हातावर सोडायचंच नाही.

पांढरी अर्धपारदर्शक डबी घ्या, बूड कापा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी नळी झाली. तिची उंची फोकस अंतरापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून कापा. एक तोंड लूपच्या कडेला बसवा, दुसरं तोंड छापील कागदावर टेकवा आणि स्क्रीनवर बघा. अक्षरं गढूळ असतील तर पॉलिश पेपरवर डबीची कड गोल फिरवत घासा, थोडीशी, परत टेकवून बघा, परत घासा. एका क्षणी अक्षरांच्या शाईच्या कडा, कागदाचे तंतू सगळं कडक दिसेल. तिथे थांबा. जास्त घासलं तर डबी वाया, दुसरी घ्यावी लागते, म्हणून घाई नको.

आता पानावर डबी टेकवली की अंतर आपोआप बरोबर, पान सपाट दाबलेलं, वारा असो नसो. शिवाय पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड सगळीकडून मऊ होऊन आत येतो, सावलीही नाही आणि चकाकीही नाही. फक्त किडा उंच असेल, म्हणजे अळी वगैरे, तर तिची पाठ फोकसच्या वर जाते. त्यासाठी आणखी एक जास्त उंचीची डबी कापून ठेवा.

✔ तपासा: शेतात जायच्या आधी घरातल्या सोन्याच्या अंगठीवर सराव करा. अलीकडचा हॉलमार्कचा दागिना असेल तर आतल्या बाजूला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. तो सहा अक्षरी कोड फोटोत स्पष्ट वाचता आला तर तुमचा सेटअप पास, आणि जाताजाता बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघा, सोनं घेणाऱ्या गावात राहतो आपण, तेवढं तरी करावं. अंगठी गोल असल्यामुळे डबी टेकणार नाही, तिचा फोटो पायरी ७ मधल्या टेबलच्या पद्धतीने काढा.

पायरी ६: उजेड

डबी वापरत असाल तर अर्धं काम झालंय. डबीशिवाय काढत असाल तर हे लक्षात ठेवा की फोन किड्यापासून अडीच सेंटीमीटरवर आहे, म्हणजे वरून येणारा सगळा उजेड फोननेच अडवलाय. उजेड बाजूने आणायचा. एका बाजूला खिडकी किंवा दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च, टॉर्चपुढे बटर पेपर, आणि समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करून उजेड परत फेकायचा. बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद लावतात काहीजण, त्याने किड्याच्या पाठीवर पांढरे ठिपके पडतात आणि बघणाऱ्याला ते किड्याचेच ठिपके वाटतात, म्हणजे पंचाईत.

भर दुपारचं ऊन सगळ्यात वाईट. आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर फोनलाच झेपत नाही, तो तापला की स्क्रीन अंधुक करतो, कॅमेरा बंद पाडतो. सकाळी लवकर काढा. दिवाळीनंतरच्या थंडीत तर सकाळी किडे सुस्त असतात, पान उलटलं तरी पटकन उडत नाहीत. पांढरी माशी दुपारी पान हलवताच भुर्रकन जाते, सकाळी बसून राहते.

⚠️ भिंग लावलेला फोन सूर्याकडे धरू नका. आणि फवारणी झालेल्या शेतात त्या दिवशी फोटोला जाऊ नका, पानाला तोंड लावून काम करायचंय हे, औषध नाका-डोळ्यांत जातं. नंतर गेलात तरी हात आणि डबी साबणाने धुवा.

पायरी ७: प्रत्यक्ष फोटो

घरी टेबलावर काढायचा असेल तर फोन हातात घेऊच नका. दोन विटा किंवा पुस्तकांचे दोन ढीग, त्यावर फोन आडवा, भिंग मधल्या फटीत खाली बघतंय. खाली आगपेटी, तिच्यावर पानाचा तुकडा. आता लग्नपत्रिका: आगपेटीखाली एकेक पत्रिका सरकवत जा, प्रत्येक पत्रिकेने पान एका पत्रिकेच्या जाडीइतकं वर येतं, स्क्रीनवर बघत राहा, जिथे किड्याचे पाय आणि डोळे कडक दिसतात तिथे थांबा. फोन हलवून फोकस शोधण्यापेक्षा हे शंभरपट सोपं. फोटो २ सेकंदाच्या टायमरवर, किंवा वायरचा इअरफोन असेल तर त्याच्या आवाजाच्या बटणाने, बऱ्याच फोनमध्ये ते बटण शटरचं काम करतं. स्क्रीनवर टपली मारली की सगळा सेट हलतो.

शेतात असाल तर डबी पानावर टेकवा, पानाच्या खालून डाव्या हाताचा तळवा द्या, आणि उजव्या हाताने फोन. पानाच्या खालची बाजूच बघायची असते बहुतेक वेळा, रसशोषक किडी तिथेच बसतात, म्हणून पान अलगद उलटा, झटका दिला की सगळे पसार. डबी आधी पानाच्या बाजूला टेकवून मग सरकवत किड्यावर आणायची, वरून धपकन ठेवली तर किडा चिरडतो. डबीशिवाय काढताना करंगळी फोनला आणि पान त्याच हाताच्या चिमटीत, म्हणजे वारा आला तरी पान आणि फोन एकत्रच हलतात, आपसातलं अंतर तेच राहतं. मग अगदी हळू पुढे-मागे होत बर्स्ट (एकामागून एक पटापट फोटो) मारा. पाच-पंधरा फोटोंतला एखादा कडक येतोच. बर्स्ट नसेल तर ४के व्हिडिओ काढा, त्यातली प्रत्येक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, चांगल्या क्षणाचा स्क्रीनशॉट न काढता गॅलरीतून फ्रेम एक्सपोर्ट करा.

किडा आणि फोन समांतर ठेवा. अळी तिरकी असेल तर डोकं कडक आणि शेपूट धूर, हे होणारच. फोनच्या कॅमेऱ्यात छिद्र लहान-मोठं करता येत नाही, त्यामुळे फोकसची जाडी वाढवायचा एकच मार्ग, कमी ताकदीचं भिंग घेऊन थोडं लांबून काढा आणि मग क्रॉप करा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण मोठ्या अळीसाठी पाचपट भिंगच दहापटपेक्षा चांगला फोटो देतं.

फुलकिडे पानावर सापडत नसतील तर पांढरा कागद खाली धरून फूल नाहीतर शेंडा त्यावर झटका, जे बारीक तपकिरी-पिवळे काड्यांसारखे पळतात ते. ओल्या ब्रशच्या टोकाने एखादा उचलायचा. चिमट्याने उचलायला गेलात तर त्याचा लगदा होतो आणि लगद्याची ओळख कोणी पटवत नाही.

पायरी ८: नेमकं काय टिपायचं

नुसता किडा कडक आला म्हणजे झालं असं नाही. ओळख ज्या खुणेवर पटते ती खूण फोटोत पाहिजे.

मक्यावरची लष्करी अळी असेल, ती जी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली, तर तिच्या डोक्यावर उलटं इंग्रजी वाय अक्षर असतं आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. म्हणून एक फोटो समोरून डोक्याचा आणि एक वरून मागच्या भागाचा, हे दोन असले की दुसरं काही विचारायची गरज राहत नाही. मध्यभागाचे दहा फोटो पाठवले तर त्यातून कोणाला काही कळत नाही.

तुडतुडा वरून काढा, पंखाच्या टोकाकडे काळा ठिपका दिसतो का ते बघायचं असतं. तो तिरका चालतो, त्यामुळे जमलं तर सोबत छोटा व्हिडिओही. माव्याच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात, त्या बाजूने काढलं तर दिसतात. पिठ्या ढेकणावर पांढरी पावडर असते, तिथे एक्सपोजर आणखी खाली घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी नुसत्या अळीचा फोटो काढून थांबू नका, डोमकळी (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल) आणि फोडलेलं बोंड, सरकीजवळची अळी, सगळं. लहान असताना ती गुलाबी नसते, पांढरट असते आणि डोकं काळपट, त्यामुळे "ही गुलाबी नाही म्हणजे ती नाही" असं ठरवून मोकळे होऊ नका. केळीच्या करप्याला (पानावर ठिपके पाडणारा रोग) भिंगापेक्षा पान उजेडासमोर धरून काढलेला साधा फोटो जास्त उपयोगी, रावेर-यावलकडच्या मंडळींनी उगाच लूप घेऊन बसू नये, ठिपक्याच्या कडा आणि पिवळा घेर लांबूनही दिसतो.

प्रत्येक वेळी तीन फोटो: आख्खं झाड, मग ते पान (कोकडा आलाय म्हणजे पान आकसून वळलंय, पिवळं पडलंय, चिकटा म्हणजे किडीने सोडलेला चिकट गोड रस आहे ते दिसेल असं), मग क्लोजअप. आणि एका क्लोजअपमध्ये पट्टीची मिलिमीटरची बाजू किंवा ग्राफ पेपरचा तुकडा किड्याच्या शेजारी, त्याच उंचीवर. बोटाचं नख शेजारी ठेवून माप कळत नाही, कोणाचं नख केवढं कोण सांगणार.

पायरी ९: पाठवायच्या आधी

जागेवरच फोटो झूम करून बघा, घरी आल्यावर नाही. किड्याचे पाय वेगवेगळे मोजता येतात का? येत असतील तर फोटो चालेल. नसतील तर तिथेच परत काढा, किडा अजून समोर आहे.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला तर तो दाबून लहान करतो आणि एवढी केलेली मेहनत पाण्यात. अटॅचमध्ये जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा निदान एचडी निवडा. दुसऱ्याने फॉरवर्ड केलेला फोटो आणखी बिघडतो, त्यामुळे पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर तुमच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) पाठवायचा असेल तर मूळ फाईल तुमच्याच फोनवरून थेट द्या. सोबत चार गोष्टी लिहा: पीक आणि वाण, लागवडीची तारीख, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, आणि दहा झाडं बघितली तर किती झाडांवर सापडलं. फोटोला "सर बघा ना" एवढंच लिहून पाठवणाऱ्यांना उत्तर उशिरा येतं याचं आश्चर्य वाटायला नको.

फोटो बिघडलाच तर आधी हे बघा

सगळाच फोटो दुधाळ, रंग फिके: भिंगावर तेलकट बोट लागलंय, किंवा बाजूचा टॉर्च थेट भिंगावर पडतोय.

मधे कडक, कडेला फाटलेलं आणि निळी-जांभळी किनार: एकाच काचेच्या साध्या भिंगाचा स्वभावच तो, किडा मधे ठेवा आणि दोन एक्स झूम करा. सोनार वापरतात त्या चांगल्या लूपमध्ये आत तीन काचा जोडलेल्या असतात, म्हणून तिच्यात हे कमी दिसतं.

एक बाजू कडक, दुसरी धूर: भिंग तिरकं बसलंय नाहीतर पान तिरकं आहे. वर्तमानपत्राचा फोटो काढून बघा, त्यातही तसंच आलं तर दोष भिंगाचा.

सगळीकडे एकाच दिशेने ओढल्यासारखं: हात हलला, शटर स्पीड वाढवा. फोकस चुकला की कडा गोल-गोल विरघळतात, हात हलला की रेघा ओढल्या जातात, दोघांचा इलाज वेगळा आहे म्हणून हा फरक ओळखायला शिका.

स्क्रीनवर एकदम कडक होतं आणि फोटोत गढूळ: क्लिक करताना फोनने कॅमेरा बदलला, पायरी ४ परत करा.

भिंग ठेवायचं कसं

काम झालं की कव्हर काढून, भिंगावर टोपी किंवा कापडाची पिशवी घालून बंद डब्यात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर, ओट्यावर, खिडकीत उघडं भिंग अजिबात नाही. भाव वाढेल म्हणून आपल्याकडे घराघरात कापूस भरून ठेवलेला असतो, आणि खिडकीतून येणारं ऊन भिंगातून एका ठिपक्यावर गोळा व्हायला फार वेळ लागत नाही. मुलांच्या हाती लागलं तर खळ्यावर, कडब्याजवळ तोच खेळ होतो, म्हणून डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर.